हात लावू नये

पाटी मीच लावली. हे पहिलेच सांगून टाकते, कारण आता वस्तीत जो तो नागपूरच्या बाईच्या नावानं बोटं मोडून राह्यला, अन् मले ते ऐकवत नाही.

मी मोनाली. राळेगाव तालुक्यातल्या एका लहानशा गावात अंगणवाडी चालवते, अन् आमच्या बौद्ध वस्तीतल्या विहार समितीची सचिव आहे. माह्या जिभेले हाड नाही, असं माहे मालक धम्मरत्न म्हणतात. तलाठी असो का ग्रामसेवक, मी कोणाले भीत नाही. वस्तीले याचं कौतुक होतं. कौतुकानं माणूस बिघडते, हे मले उशिरा कळलं.

आमचा विहार मातीचा. बाबासाहेबांनी नागपूरले धम्मदीक्षा दिली, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात वस्तीनं तो उभा केला. तवा कोणाजवळ काय होतं? माती तेवढी होती. घराघरातून टोपल्या आल्या, नाल्यावरून पाणी आलं, गव्हांडा, म्हणजे गव्हाचा भुसा, टाकून पायानं चिखल तुडवला, अन् हातभर जाडीच्या भिंती उभ्या राह्यल्या. वर कवेलू, म्हणजे कौलं. माहे सासरे बळीराम तवा ओठावर मिसरूड नसलेलं पोट्टं होते, पण चिखल तुडवायले तेही होते. ते आता नाहीत. सासू आहे, सत्यभामा. मी तिले आई म्हणते.

मातीच्या भिंतीचं एक असते, तिले दरवर्षी हात लागते. म्हणून बुद्धपौर्णिमेच्या आधी वस्तीतल्या साऱ्या बाया विहार लिंपतात. प्रत्येकीनं आपल्या दारची माती आणायची, साऱ्यांची मिळून एकाच ढिगात कालवायची, शेण-गव्हांडा घालायचा. मंग सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं भिंतीवर पहिला हात फिरवायचा, अन् तिच्या हाताच्या बाजूले वस्तीत आलेल्या नव्या सुनेनं. मी लग्न होऊन आली तवा अशीच उभी राह्यली होती. चिखल नखात गेला म्हणून मी कुरकुर केली, तं आई म्हणाली, "राहू दे वं, धुवू नको लगेच. वस्तीत आली ना आता तू." मले तवा त्याचं हसू आलतं.

आता भांडण कुठून सुरू झालं ते सांगते. आमचा राजदीप, युवक मंडळाचा अध्यक्ष, पोरगा भल्ला कामाचा. त्यानं खटपट करून स्लॅबच्या विहारासाठी निधी मंजूर करून आणला. म्हणाला, "काकू, आजूबाजूच्या साऱ्या गावाईत स्लॅब झाले, टाइल्स लागल्या. आपणच काहून कवेलूखाली बसाव? पाडू अन् मस्त हॉल बांधू." त्याचंही चूक नव्हतं. त्याच्याच लग्नात पाहुण्याईले बसायले जागा नव्हती, अर्धी वरात रस्त्यावर जेवली.

पण मी भर मीटिंगमधे उभी राह्यली. "हॉल बांध ना, बाजूची जागा मोकळी पडली आहे. ज्या मातीत तुह्या आजानं पाय मळवले त्या मातीच्या भिंती पाडाले तुले कुदळ उचलवन तरी कशी?" पोरगं खाली बसलं. बायाईनं माहीच बाजू घेतली. ठरलं, एक साल थांबायचं. तोवर मोनालीनं या मातीच्या विहारासाठी काही करून दाखवावं, नाही तं पाडायचा.

मंग मी यवतमाळले गेली. तिथं जुन्या वास्तूंच्या जतनाचं एक शिबिर होतं. पडद्यावर फोटो दाखवत होते. एका गावच्या लोकाईनं शेकडो वर्षं जुन्या दगडी देवळाले गुलाबी ऑइल पेंट फासला होता, खांबाले हिरवा. सारा हॉल खदखदून हसला. मीही हसली. पण मंग आपल्या मातीच्या भिंती आठवल्या. वाटलं, उद्या आपल्या विहाराचा फोटो लागला तं हे लोक असेच हसतीन. शेणानं लिंपलेली भिंत अन् नऊवारीचे ओचे खोचलेल्या आमच्या बाया. पुढं बोलणारे साहेब म्हणाले, मूळ वास्तूला हात न लावणे हे जतनाचं पहिलं तत्त्व. ते मी मनात पक्कं बसवून घेतलं.

तिथंच अर्पिताताई भेटली. नागपूरच्या एका संस्थेत वास्तुजतनाचं काम करते. वयानं माह्याहून लहान, पण शिकलेली, म्हणून ताई. मी विहाराचं सांगितलं तं आठवड्यात एसटीनं आली. आत आली, चप्पल बाहेर काढली, बुद्धमूर्तीले हात जोडले, अन् भिंतीले टेकून खाली बसली.

"आपल्याकडे काय आहे मोनालीताई," ती म्हणाली, "दगडाचं असेल, राजाने बांधलं असेल, तरच त्याला वारसा म्हणतात. तुमच्या लोकांनी हाताने उभं केलेलं हे कुठल्याच यादीत नाही. हे बदलायला पाहिजे. मी संस्थेत बोलते. पावसाच्या आधी येऊन मातीचे नमुने घेऊ. तोवर तोडफोड तेवढी होऊ देऊ नका."

मी हवेत. आपल्या वस्तीची भिंत वारसा! राजदीपच्या घरी ऑइल पेंटचा उरलेला डबा होता, तो आणला. पत्र्याचा तुकडा घेतला अन् स्वतः अक्षरं काढली. "हा विहार आपला वारसा आहे. हात लावू नये." दाराच्या बाजूले खिळ्यानं ठोकली. फोटो काढून अर्पिताताईले नाही पाठवला, म्हटलं आल्यावर ती पाहीन अन् खूश होईन.

बुद्धपौर्णिमा जवळ आली तशा बाया निघाल्या. मले हे माहीत नव्हतं असं नाही. मी पंधरा-सोळा सालं तेच करत आली होती. मले चांगलं ठाऊक होतं का मातीच्या भिंतीवर लिंपण नसलं तं पहिल्या झडीले तिची साल निघते. पण त्या दिवशी माह्या डोक्यात तो गुलाबी खांब बसला होता.

डोक्यावर टोपल्या, कडेले लेकरं, हसत-खिदळत साऱ्याजणी आल्या. मधे राजदीपची बायको प्रियंका, नवी नवरी, तिचा औंदा पहिला हात. साडी खराब होईल म्हणून जुनी नेसून आलती, तं बाया तिची थट्टा करत होत्या का, "पाह्य बाई, नवऱ्यासाठी नवी अन् विहारासाठी जुनी!" सगळ्यात पुढं आई. डोक्यावर टोपली घ्यायची ताकद राह्यली नाही, तं ओच्यात घेऊन आलती माती.

मी दारात आडवी झाली. "थांबा. औंदा लिंपायचं नाही."

"काहून वं?"

"पाटी वाचा."

आई पुढं झाली. ती याच विहारात, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात, लेक लग्नाले आला त्या वयात अक्षरं शिकली. बोट ठेवून एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं तिनं. "हा-त... ला-वू... न-ये." मंग माह्याकडं वळली. "हे कोनाले म्हनते?"

"साऱ्याईले."

"मले बी?"

बाया कुजबुजल्या. एक जण म्हणाली, "मोनाली, फोन लावून विचार ना त्या बाईले, भिंत उघडी ठेवून कसं जमन?" मी तिथंच फोन लावला. अर्पिताताई कुठंतरी कामावर होती, मागून मशीनचा आवाज. म्हणाली, "दोन दिवस थांबता येईल का? माझा माणूस येऊन नमुने घेईल, मग खुशाल लिंपा."

दोन दिवस. खुशाल लिंपा. हे ती बोलली. मी फोन ठेवला अन् बायाईले सांगितलं, "ताई नाही म्हणते. मनाई आहे."

काहून बोलली मी असं? विचार करकरून डोकं फुटायची वेळ आली. दोन दिवस म्हटलं असतं तं बायाईनं टोपल्या तिथंच ठेवल्या असत्या, चहा पिऊन घरी गेल्या असत्या. पण माहा शब्द खाली पडला असता. मी आडवी झालती ना दारात, पाटी लावून! तं माहंच खरं व्हायले पाहिजे होतं.

आई तरी हटेना. ओच्यातली माती तिनं खाली ओतली, तांब्यातलं पाणी घेतलं, कालवली, अन् हात उचलला. "मी म्हातारी बाई. एक हात मारते फक्त. प्रियंकाचा बी व्हऊन जाइन. तुह्या ताईले नको सांगू."

अन् मी तिचं मनगट धरलं. साऱ्या वस्तीसमोर. म्हणाली, "आई, एकदा सांगितलेलं कळत नाही काय? तुमच्या शेणामातीच्या हातानंच वाट लागते या भिंतीची. हात लावायचा नाही म्हणजे नाही!"

प्रियंका खाली पाहू लागली. आईनं हळूच मनगट सोडवून घेतलं. "बरं," म्हणाली. हापशीवर गेली अन् कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासून घासून. मंग घरी गेली. बाया आपापल्या टोपल्या उचलून मागोमाग गेल्या.

दोन दिवसांनी अर्पिताताईचा फोन आला. "मोनालीताई, आमचा माणूस आजारी पडलाय हो. तुम्ही थांबू नका, लिंपून घ्या. एक कोपरा तेवढा सोडा आमच्यासाठी."

मी "हो हो, घेते ना" म्हटलं. अन् कोणाले सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगाव? सासूचं मनगट धरून जे बोलली ते परत गिळाव? उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता बुद्धपौर्णिमा झाली, मंग अंगणवाडीचं काम निघालं, मंग पेरणी आली.

आई त्या दिवसापासून विहारात आली नाही. म्हणजे वंदनेले यायची, पण बाहेर, निंबाखाली बसायची. हात पदरात. पोरी म्हणायच्या, "आजी, आत चल," तं म्हणायची, "इथूनच आयकू येते." मले वाटलं बुढी रुसली. मी घरी तिच्या आवडीची भाकर केली, आंबाडीची भाजी केली. ती जेवली, ताट धुतलं, अन् निजायले गेली.

एक दिवस धम्मरत्नच माह्यावर भडकले. ते कधी भडकत नाहीत. "तुले काय वाटते, माय रुसली? लहानपणी तिच्या माहेरी विहिरीवर ओंजळ धरून बसायची ती. वरून पाणी टाकत. घागरीले हात लागू नये म्हणून. सांगितलं होतं ना तिनं तुले?"

सांगितलं होतं. लग्नाच्या पहिल्याच साली, माहे केस विंचरता विंचरता सांगितलं होतं. कसं ते पाणी कोपरावरून सांडे अन् अर्धी तहान तशीच राहे. अन् ज्या विहारात पहिल्यांदा तिले कोणी सरक म्हटलं नाही, त्याच्या दारात मी तिले... पुढचं मले बोलवत नाही. मी तवा धम्मरत्नवरच उलट ओरडली, "मी काय त्या अर्थानं बोलली?" ते म्हणाले, "अर्थ बोलणाऱ्याचा नसते, मोनाली." अन् उठून शेतात गेले.

आता पाऊस पहिल्यासारखा राह्यला नाही. पहिले आठ-आठ दिवस झड लागे, पण बारीक, भिंतीले सोसे. आता महिनाभर कोरडं अन् मंग एकाच दिवशी सारं आभाळ पालथं. जुलैत तसंच झालं. पश्चिमेची भिंत, जिच्यावर पावसाचा मारा येते, ती खालून फुगली. राजदीप पळत आला. "काकू, भिंत पाणी पेली. ताडपत्री टाकू काय? का त्यालेही मनाई आहे?"

"टाक बापा, टाक!" मी म्हटलं. मीही पळाली. पोट्टे ताडपत्री बांधतच होते तवा वरचे कवेलू सरकू लागले. राजदीप आत घुसला, मूर्ती उचलली, बाबासाहेबांचा फोटो काखेत मारला अन् बाहेर आला. त्याच्या मागं भिंत बसली. आवाज काही मोठा नाही झाला. भिजलेलं पोतं खाली ठेवावं तशी बसली. कोणाले खरचटलंही नाही, तेवढं बरं झालं.

दुसऱ्या दिवशी अर्पिताताई आली. चिखलात गुडघ्यावर बसली. तुटलेल्या भिंतीत सालोसालचे लिंपणाचे थर दिसत होते, पराठ्याच्या पदरासारखे, एक पांढरट, एक तांबूस, ज्या त्या साली कालवलेल्या मातीचे. तिनं वरच्या थरावर बोट ठेवलं अन् मान वर करून माह्याकडं पाह्यलं. "लिंपलं नाही का तुम्ही? मी तर..."

माहं तोंड पाहून ती मधेच थांबली. तिले कळलं. अन् उभी राहून साऱ्या लोकाईसमोर म्हणाली, "चूक आमची आहे. दगडाच्या देवळाचा नियम मातीच्या भिंतीला लागू होत नाही. दगडाला हात लावू नका म्हणतात, पण ही भिंत तुमच्या हातांमुळेच उभी होती. लिंपणं हेच तिचं जतन होतं. हे आम्हीच तुम्हाला नीट सांगायला हवं होतं."

मी गप राह्यली. मोठ्या तोंडाची मोनाली, ग्रामसेवकाले घाम फोडणारी, गप राह्यली. दुसऱ्याची पोर माहं पाप डोक्यावर घेऊन एसटीत बसून गेली, अन् मी तिले स्टँडपर्यंत सोडायले गेली, छत्री धरली तिच्यावर. वाटेत तिनं एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तं बरं झालं असतं.

त्यानंतर माहं अन्नावरचं मन उडालं. लोकं तिले शिव्या देत अन् मी ऐके. शेवटी एका रविवारी वंदना झाल्यावर, राजदीपच्या ओसरीत मूर्ती ठेवली होती तिथं, मी उभी राह्यली अन् सारं सांगितलं. दोन दिवसाचं. दुसऱ्या फोनचं. मनाई माही होती, तिची नव्हती. बोलता बोलता रडली.

तं काय व्हावं? बाया माह्याच पाठीवरून हात फिरवू लागल्या. "उगी, उगी. तू तं त्या नागपूरवालीले वाचवायले बोलून राह्यली. तुहा स्वभावच तसा. शिकलेल्या लोकाईच्या भानगडीत तुहा काय दोष?" राजदीपही म्हणाला, "जाऊ द्या काकू, आपलं माणूस ते आपलं माणूस." माहं खरं कोणाले नकोच होतं. एकटी आई कोपऱ्यात बसलती, तिनं मान खाली घातली. मनाई माहीच होती, हे तिले पटलं होतं.

राजदीपनं मात्र एक केलं. तो म्हणाला, हॉल बाजूच्या जागेत बांधू, अन् ही भिंत मातीचीच परत उभी करू. जुनी माती वाया जात नाही, भिजवली का पुन्हा कामाची. सारी वस्ती लागली. पोट्ट्याईनं चिखल तुडवला, भिंत हळूहळू वर आली, सुकली. धम्मचक्र दिनाच्या आधी बाया लिंपायले जमल्या. अर्पिताताईले मी फोन केलता, तीही आली, तिनंही टोपलीभर माती आणलती कुठूनशी. लोकं तिच्याशी नीट बोलले नाहीत, पण तिनं काम केलं.

चिखल तयार झाला. प्रियंका बाजूले उभी, पहिल्या हाताची वाट पाहून राह्यली. मी घरी गेली अन् आईचे पाय धरले. "चला आई. तुमच्याशिवाय कोणी हात लावत नाही." मले वाटलं ती नाही म्हणन. मले वाटलं चार शिव्या देईन, अन् देवो, माह्या जिवाले बरं वाटन. तिनं हळूच पाय मागं घेतले. पदर खोचला अन् माह्यासोबत चालू लागली.

भिंतीसमोर आली. बायाईनं वाट करून दिली. वाकून तिनं चिखलाचा गोळा घेतला, तळहातावर मळला. हात वर केला. अन् भिंतीपासून चार बोटांवर तो तसाच थांबला. ती माह्याकडं वळली.

"मोनाली," ती म्हणाली, "लावू का वं हात?"

टोमणा असता तं मी सोसला असता. साऱ्या वस्तीसमोर माहा पाणउतारा करायले बोलली असती तं मी म्हटलं असतं, फिटलं. पण तिच्या आवाजात तसं काही नव्हतं. ती खरंच विचारत होती. हात वर धरून, माह्या तोंडाकडं पाहत, जसं तिनं लहानपणी विहिरीवर कोणाकोणाच्या तोंडाकडं पाह्यलं असन.

"लावा ना, आई," माह्या तोंडून निघालं.

तिनं हात लावला. बाजूले प्रियंकानं लावला. बाया हसल्या, टाळ्या वाजवल्या, कामाले लागल्या. मी मागं उभी होती. मी तिले परवानगी दिली होती. अन् त्या घडीले दुसरं काय बोलाव होतं, ते मले अजूनही सुचलं नाही.